व्यवस्थापकाच्या भूमिका

व्यवस्थापकाच्या भूमिका : संघटनेतील व्यवस्थापकाकडून त्याचे वरिष्ठ, सहकारी, हाताखालील कर्मचारी आणि संघटनेबाहेरील संबंधित लोक ज्या वर्तनाची अपेक्षा करतात व त्या अपेक्षांना अनुसरून तो प्रत्यक्षात जसे वागतो, त्या वर्तनाचे परस्परांशी निगडित प्रकार. येथे ‘व्यवस्थापक’ ही संज्ञा व्यापक अर्थाने घेतली आहे. स्वतःच्या कामाबरोबरच इतरांच्या कामाबद्दलही ज्याला उत्तर द्यावे लागते, तो व्यवस्थापक होय. मग तो गिरणीतील पाळीवरचा पर्यवेक्षक असो, बँकेचा शाखाधिकारी असो, रुग्णालयाची अधिसेविका असो की महामंडळाचा कार्यकारी संचालक असो.

पद आणि भूमिका यांत फरक केला जातो. पद हे संघटनेच्या तक्त्यावरील एक स्थान असते व ते रिकामेही राहू शकते. भूमिका मात्र त्या स्थानावर माणूस आल्याशिवाय अस्तित्वात येत नाही. हा शब्द रंगभूमीवरून समाजशास्त्रात आला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये दर्जा व भूमिका या संकल्पनांची फोड केली आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ मध्ये असे दाखविले, की एका दर्जाला एकच भूमिका नव्हे, तर भूमिकांचा एक संच चिकटलेला असतो. शाळेचा मुख्याध्यापक शिक्षकांशी एका नात्याने बोलतो, संस्थाचालकांशी दुसऱ्या, पालकांशी तिसऱ्या आणि शिक्षण निरीक्षकाशी चौथ्या. नटाची उपमा येथे एका मर्यादेपर्यंतच चालते. नटाला संहिता पाठ असते. व्यवस्थापकाला ती बहुधा कोणी दिलेलीच नसते आणि ज्या निरनिराळ्या लोकांच्या मनांत ती असते, त्यांच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत.

कार्यांपासून भूमिकांकडे : व्यवस्थापकाच्या कामाचे पहिले पद्धतशीर वर्णन भूमिकांच्या नव्हे, तर कार्यांच्या भाषेत झाले. फ्रेंच खाण-अभियंते आंरी फेयॉल (१८४१–१९२५) हे एका मोठ्या कोळसा व पोलाद कंपनीचे १८८८ ते १९१८ या काळात प्रमुख होते. स्वतःच्या अनुभवाच्या आधारे १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पूर्वनियोजन, संघटन, आदेश, समन्वय व नियंत्रण अशी प्रशासनाची पाच अंगे सांगितली. अमेरिकेत ल्यूथर ग्यूलिक यांनी १९३७ मध्ये ही यादी वाढवून सात अंगांची केली. पुढील कित्येक दशके व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके याच चौकटीत लिहिली गेली व आजही बहुतेकांची प्रकरणे त्याच क्रमाने येतात. तीत चूक काही नाही. परंतु ‘व्यवस्थापक नियोजन करतो’ एवढे सांगितल्याने सोमवारी सकाळी दहा वाजता तो नेमके काय करीत असतो, याचा उलगडा होत नाही.

तो उलगडा करण्याचा प्रयत्न प्रथम रोजनिशींच्या आधारे झाला. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ सूने कार्लसन यांनी काही कार्यकारी संचालकांच्या दिनक्रमाचे अध्ययन करून १९५१ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. अध्ययनापूर्वी त्यांच्या मनात व्यवस्थापक म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक अशी प्रतिमा होती. अध्ययनानंतर मात्र तो त्यांना शेकडो लोक दोऱ्या ओढीत असलेल्या कळसूत्री बाहुलीसारखा दिसू लागला. अमेरिकेत रॉबर्ट गेस्ट यांनी १९५६ मध्ये कारखान्यांतील ५६ मुकादमांच्या अध्ययनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाच्या हातून सरासरी ५८३ निरनिराळ्या कृती घडत होत्या, म्हणजे सुमारे ४८ सेकंदांना एक. रोझमेरी स्ट्यूअर्ट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमधील १६० व्यवस्थापकांच्या रोजनिशी तपासल्या, तेव्हा सलग अर्धा तास विनाव्यत्यय काम करण्याची संधी त्यांना दोन दिवसांतून एखाद्याच वेळी मिळते, असे आढळले. वरच्या मजल्यावर बसणाऱ्याला विचार करण्यास निवांतपणा असतो, ही सर्वसाधारण समजूत या आकड्यांनी मोडीत काढली.

मिंट्झबर्ग यांचे वर्गीकरण : भूमिकांचा आज सर्वाधिक रूढ असलेला आराखडा कॅनडातील व्यवस्थापनशास्त्रज्ञ हेन्री मिंट्झबर्ग (जन्म १९३९) यांचा आहे. आपल्या प्रबंधासाठी त्यांनी पाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सोबत प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांचे प्रत्येक पत्र, संभाषण, दूरध्वनी व बैठक यांची नोंद केली. या पाच संस्था एकसारख्या नव्हत्या. त्यांत एक सल्लागार संस्था, एक तंत्रवैज्ञानिक कंपनी, एक ग्राहकोपयोगी वस्तूंची कंपनी, एक रुग्णालय आणि एक शालेय व्यवस्था होती. या अध्ययनावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७५ मधील एका लेखाने तो सर्वतोमुखी केला. निरीक्षणाखालील अधिकाऱ्यांच्या निम्म्या कृती नऊ मिनिटांच्या आत संपत होत्या. एका तासाहून अधिक चालणाऱ्या कृती फक्त दहा टक्के होत्या. त्यांचा सुमारे ७८ टक्के वेळ तोंडी बोलण्यात जाई. नोंदलेल्या ३६८ तोंडी संपर्कांपैकी कोणत्याही विशिष्ट प्रश्नाशी निगडित नसलेला व ज्याला सर्वसाधारण नियोजन म्हणता येईल, असा संपर्क केवळ एक होता.

या सामग्रीवरून मिंट्झबर्ग यांनी दहा भूमिका निश्चित केल्या व त्यांचे तीन गट पाडले. औपचारिक अधिकार व दर्जा यांमुळे माणसामाणसांतील संबंध निर्माण होतात. त्या संबंधांतून माहिती हाती येते आणि माहितीच्या बळावर निर्णय घेता येतात, असा या तीन गटांना जोडणारा धागा आहे. तो ध्यानात न घेता दहा नावे पाठ करण्याची पद्धत परीक्षार्थींमध्ये रूढ झाली आहे. तिने या आराखड्यातील सत्त्वच नाहीसे होते.

पहिला गट आंतरवैयक्तिक भूमिकांचा. नामधारी प्रमुख म्हणून व्यवस्थापक समारंभांना हजर राहतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, कायद्याने आवश्यक त्या कागदांवर सही करतो. ही कामे क्षुल्लक मानली जातात. परंतु पाळीवरील कामगार अपघातात दगावला असता त्याच्या घरी कोण गेले, याची आठवण त्या खात्यात वर्षानुवर्षे राहते. नेता म्हणून तो माणसांची निवड, प्रशिक्षण व उत्तेजन यांची जबाबदारी घेतो. दुवा म्हणून तो स्वतःच्या आज्ञासाखळीबाहेरील लोकांशी संबंध ठेवतो. मिंट्झबर्ग यांच्या निरीक्षणात मुख्य अधिकाऱ्यांच्या संपर्काचा ४४ टक्के वेळ संघटनेबाहेरील लोकांबरोबर, ४८ टक्के हाताखालील लोकांबरोबर आणि केवळ ७ टक्के वरिष्ठांबरोबर जात होता.

दुसरा गट माहितीविषयक भूमिकांचा. वेचक म्हणून व्यवस्थापक सतत कानोसा घेत असतो. यात अहवालांपेक्षा गप्पा, अफवा, कुजबूज यांचा वाटा मोठा असतो, कारण छापील अहवाल हाती येईतो घटना जुनी झालेली असते. प्रसारक म्हणून तो ती माहिती आतल्या लोकांपर्यंत पोहोचवितो आणि प्रवक्ता म्हणून बाहेरच्यांपर्यंत. या गटातूनच व्यवस्थापकाची एक कायमची अडचण उद्भवते. माहितीचा साठा कागदावर नसून त्याच्या डोक्यात असल्यामुळे काम दुसऱ्यावर सोपविताना ती सर्व माहिती त्याबरोबर देणे त्याला शक्य होत नाही. मग एक तर तो सर्वच कामे स्वतःकडे ठेवून त्यांखाली दबून जातो किंवा अपुऱ्या माहितीनिशी काम सोपवून नंतर त्याचा निकाल पाहून निराश होतो. कामाची वाटणी न करणाऱ्या वरिष्ठाला हटवादी ठरविण्याआधी ही अडचण विचारात घेतली पाहिजे.

तिसरा गट निर्णयविषयक भूमिकांचा. त्यात उपक्रमी, विघ्ननिवारक, साधनवाटपकर्ता व वाटाघाटकर्ता अशा चार भूमिका येतात. उपक्रमी स्वेच्छेने बदल घडवून आणतो. विघ्ननिवारकावर बदल लादला जातो. संप, पुरवठादाराचे दिवाळे, यंत्राचा बिघाड यांसारख्या प्रसंगी दुसरी भूमिका पहिलीवर मात करते. ज्या संघटनेत विघ्ननिवारणच रोजचे काम होऊन बसते, तेथे उपक्रमासाठी वेळ उरत नाही आणि उपक्रम न झाल्यामुळे विघ्ने वाढत राहतात. साधनवाटपकर्त्याच्या हाती पैसा, माणसे व यंत्रे असतातच. परंतु सर्वांत दुर्मिळ साधन म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ. कोणाला भेट द्यावी व कोणाला थांबवावे, हाही वाटपाचाच निर्णय असतो. वाटाघाट करण्याचा अधिकार त्याला यासाठी असतो, की साधने बांधून देण्याची सत्ता आणि त्यासाठी लागणारी माहिती या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशीच एकत्र येतात.

कोकण रेल्वेचे उदाहरण : या दहाही भूमिका एकाच प्रकल्पात उठून दिसाव्यात, असे भारतातील एक उदाहरण म्हणजे रोहे ते मंगळूर हा सुमारे ७४० किमी. लांबीचा कोकण रेल्वेमार्ग. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व मधू दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद व व्यवस्थापकीय संचालकपद सोपविण्यात आले. महामंडळाच्या भांडवलात केंद्र शासनाचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला. उरलेला मोठा निधी कर्जरोख्यांतून उभारण्यात आला. म्हणजे प्रमुखाला पाच शासनांशी दुवा राखावयाचा होता, रोखे घेणाऱ्यांपुढे प्रवक्ता व्हावयाचे होते आणि चाळीस हजारांहून अधिक जमीनधारकांशी संपादनाबाबत वाटाघाट करावयाची होती.

सात विभाग पाडून प्रत्येकी सुमारे १०० किमी.चे काम एकेका मुख्य अभियंत्याकडे देण्यात आले. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार व उडुपी हे ते विभाग होत. निर्णयाचा अधिकार जागेवर ठेवण्याचा हा उपाय साधनवाटपाच्या भूमिकेत मोडतो. पण त्याने नेत्याच्या भूमिकेचे स्वरूपही बदलले, कारण दूरच्या कार्यालयातून आदेश देण्याऐवजी सात प्रमुखांवर विश्वास टाकणे भाग पडले. रत्नागिरीजवळील पानवल नदीवरचा ६४ मी. उंचीचा पूल आणि सह्याद्रीच्या कठीण खडकातून गेलेला ६.५ किमी. लांबीचा करबुडे बोगदा ही अभियांत्रिकीची कामे प्रसिद्ध आहेत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र नऊ मऊ मातीच्या बोगद्यांची हकीकत अधिक बोधप्रद आहे. पाण्याने भिजलेल्या चिकणमातीत खोदलेला भाग पुन:पुन्हा ढासळत असे, माणसे दगावली आणि गोव्यातील पेडणे येथील बोगद्याने तर वेळापत्रकाचा हिशोबच चुकविला. यंत्र निकामी ठरते तेथे हाताने इंचाइंचाने पुढे सरकावे लागते. अशा वेळी ठरलेली तारीख पुढे ढकलल्याचे बाहेर कोणत्या शब्दांत सांगावे आणि आत काम करणाऱ्यांचा धीर कसा टिकवावा, असे प्रवक्त्याचे व नेत्याचे प्रश्न एकाच दिवशी उभे राहतात.

गोव्यात मार्गाच्या आखणीवरून झालेले आंदोलन हा विघ्ननिवारणाचा वेगळा प्रकार होता. किनाऱ्यालगतच्या खाजण जमिनी, दाट वस्ती व जुन्या गोव्याचा वारसा यांना धोका पोहोचेल, हा आंदोलकांचा आक्षेप होता. काम काही काळ थांबले. न्यायमूर्ती ओझा यांच्या चौकशी आयोगाने १९९३ मध्ये मूळ आखणी मुख्यतः ग्राह्य धरल्यावर ते पुढे सुरू झाले. येथे वाद तांत्रिक व्यवहार्यतेचा नव्हता. नदीमुखाशी पिढ्यान्‌पिढ्या बांध राखणाऱ्या गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे कोणत्या भूमिकेचे काम, याचे उत्तर दहा नावांच्या यादीत सहजासहजी सापडत नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला.

जॉबर : एकवटलेल्या भूमिका : भूमिकांचा सिद्धांत मांडला जाण्यापूर्वी कित्येक दशके मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर या नावाचा व्यवस्थापक होता. कागदोपत्री तो खात्यातील साधा मुकादम. पण कामगार भरती करणे, त्यांना कामावर ठेवणे वा काढणे, साचे चालू ठेवणे, किरकोळ दुरुस्ती करणे व रजा देणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. गिरणीचे मालक व मास्तर यांना कामगारांच्या गावाठिकाणांची फारशी माहिती नसे. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातून आलेल्या तरुणाला चाळीत जागा मिळवून देणे, वाण्याकडे उधारीस जामीन राहणे, प्रसंगी स्वतः व्याजाने पैसे देणे या गोष्टीही जॉबर करी. बॉबिन गुंडाळण्याच्या व रिळांच्या खात्यांत स्त्री-कामगारांवर नायकीण असे व तिचेही स्थान असेच होते.

मिंट्झबर्ग यांच्या भाषेत सांगावयाचे, तर दुवा, वेचक, साधनवाटपकर्ता, विघ्ननिवारक आणि वाटाघाटकर्ता या भूमिका जॉबरच्या ठायी एकवटल्या होत्या. एवढेच नव्हे, तर गिरणीची भूमिका व वस्तीतील भूमिका यांत भिंतच नव्हती. या एकवटण्यातून कार्यक्षमता आली, तशीच लूटही आली. नोकरी देताना व टिकवताना घेतली जाणारी दस्तुरी हा त्याचा उघड परिणाम होता. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ मधील आपल्या अहवालात जॉबरकडील भरतीचा व बडतर्फीचा अधिकार काढून घेऊन श्रम अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्यान्वये शासकीय श्रम अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आणि १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी नियंत्रण योजना आखली. ठरावीक कामगारांना कार्डे देऊन त्यांतूनच रोजचे बदली घ्यावेत, अशी तिची पद्धत होती. जॉबर त्यामुळे एकाएकी नाहीसा झाला नाही, परंतु त्याच्या भूमिकांची वाटणी सुरू झाली.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील ग्रंथात या चित्राला महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. जॉबर सर्वसत्ताधीश नव्हता. त्याला इतर जॉबरांशी स्पर्धा करावी लागे, कामगारांनी पाठ फिरविली तर त्याची पत जाई आणि संपाच्या वेळी मालक व कामगार या दोघांच्या अपेक्षांमध्ये तो सापडे. संप मोडण्यासाठी गिरणीने त्याचा उपयोग केला, तसा कित्येक संपांत कामगारांच्या बाजूने त्याने पुढाकारही घेतला. भूमिका ही केवळ वरून दिली जात नाही, खालून मान्यही व्हावी लागते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. चेस्टर बर्नार्ड या अमेरिकन दूरध्वनी कंपनीच्या प्रमुखाने १९३८ च्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले होते : आदेशाचा अधिकार तो देणाऱ्यात नसून स्वीकारणाऱ्यात असतो.

भूमिका एकवटण्याऐवजी हेतुपूर्वक विभागण्याची कल्पनाही नवी नाही. शिवकालीन किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत व सबनीस असे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी असत. कोठार व रसद कारखानीस पाहत असे. दरवाजाच्या किल्ल्या, पहारा आणि हजेरीपट यांची सूत्रे वेगवेगळ्या हातांत असल्याने कोणा एकाला फितूर होऊन किल्ला देणे अवघड झाले. या व्यवस्थेने कामाचा वेग नक्कीच कमी केला असेल, पण तिचा हेतू वेग हा नव्हताच.

स्तर व आकार : दहा भूमिका सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये तांत्रिक, मानवी व संकल्पनात्मक अशी तीन कौशल्ये सांगून, खालच्या स्तरावर तांत्रिक व वरच्या स्तरावर संकल्पनात्मक कौशल्याची गरज अधिक असते व मानवी कौशल्य सर्वत्र लागते, असे प्रतिपादन केले. भूमिकांनाही ते बरेचसे लागू पडते. पर्यवेक्षकाच्या दिवसात विघ्ननिवारण व नेतृत्व भरून राहते. संचालकाच्या दिवसात दुवा व प्रवक्ता या भूमिकांना अधिक जागा मिळते. लहान उद्योगात सर्व भूमिका एकट्या मालकाकडे येतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा नांगराचा कारखाना काढणे व गाव वसविणे ही दोन वेगळी कामे राहिली नाहीत. घरे, पाणी व शाळा यांची चिंता कारखान्याच्या प्रमुखालाच करावी लागली. १९२० मध्ये तेथून निघालेले किर्लोस्कर खबर हे मूलतः कारखान्याचे पत्र होते. शंकरराव किर्लोस्कर यांनी ते पुढे सर्वसामान्य वाचकांचे मासिक बनविले. प्रवक्त्याच्या भूमिकेतून एका स्वतंत्र वाङ्‌मयीन व्यवसायाचा उगम व्हावा, असे उदाहरण औद्योगिक इतिहासात विरळाच आढळते.

भूमिका-संघर्ष : एका व्यक्तीकडून परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात, तेव्हा भूमिका-संघर्ष निर्माण होतो, अपेक्षाच अस्पष्ट असतात, तेव्हा भूमिका-संदिग्धता. अमेरिकेत रॉबर्ट कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये या दोहोंचा नोकरदारांच्या मानसिक ताणाशी संबंध दाखविला. भारतात उदय पारीक (१९२५–२०१०) यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले व संघटनांतर्गत भूमिकाताण मोजण्याची त्यांची श्रेणी भारतीय बँका, रुग्णालये व उद्योगांच्या अध्ययनांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. या संघर्षाचा सर्वाधिक फटका मधल्या फळीला बसतो. वरून उत्पादनाचा आकडा व खालून सवलतीची मागणी, या दोहोंच्या मध्ये पर्यवेक्षकाला वर एक आणि खाली दुसरीच भाषा बोलावी लागते. फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी १९४५ मध्येच याचे मार्मिक विश्लेषण केले होते. सरकारी कार्यालयातील कनिष्ठ अधिकाऱ्याची स्थिती यापेक्षा फारशी निराळी नसते. नियम पाळावा तर अर्जदार ताटकळतो, अर्जदाराला मदत करावी तर लेखापरीक्षकाचा शेरा येतो.

कायद्यानेही व्यवस्थापकाच्या भूमिकेची एक बाजू निश्चित केली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रत्येक कारखान्याच्या व्यवस्थापकाचे नाव निरीक्षकाला कळविणे बंधनकारक केले व सुरक्षिततेच्या तरतुदींचा भंग झाल्यास भोगवटादाराबरोबर त्यालाही जबाबदार धरले. २०१३ च्या कंपनी अधिनियमात व्यवस्थापक म्हणजे संचालक मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा सर्व किंवा जवळजवळ सर्व कारभार पाहणारी व्यक्ती. एकाच वेळी व्यवस्थापकीय संचालक व व्यवस्थापक अशी दोन्ही पदे कंपनीला ठेवता येत नाहीत. व्यवहारात ‘मॅनेजर’ ही उपाधी शेकडो जणांच्या नावापुढे लागते. कायद्याच्या दृष्टीने त्यांपैकी फारच थोडे व्यवस्थापक असतात आणि अपघातानंतर न्यायालयात उभे राहण्याची वेळ येते, तेव्हा हा फरक अनेकांना प्रथम कळतो.

आक्षेप : मिंट्झबर्ग यांच्या आराखड्यावरील मुख्य आक्षेप असा, की पाच अधिकाऱ्यांच्या पाच आठवड्यांवरून सर्व व्यवस्थापकांविषयी विधान करणे धाडसाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. व्यवस्थापक काय करतात, हे या अध्ययनातून कळते. त्यांनी काय करावयास हवे होते, हे कळत नाही. धावपळ हे वास्तव असले, तरी ती गुणवत्तेची खूण नव्हे. जॉन कॉटर यांनी १९८२ मध्ये १५ सरव्यवस्थापकांच्या अध्ययनावरून असे दाखविले, की वरवर दिशाहीन वाटणाऱ्या त्यांच्या गप्पाटप्पांमागे मनाशी बाळगलेली कामांची एक सैल विषयपत्रिका व माणसांचे विस्तृत जाळे असते. फ्रेड ल्यूथन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये काढलेला निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारा आहे. भराभर बढती मिळविणारे व्यवस्थापक आपल्या वेळेपैकी ४८ टक्के वेळ संबंध जोडण्यात व राजकारणात घालवीत होते. ज्यांच्या विभागाचे काम व कर्मचाऱ्यांचे समाधान उत्तम होते, त्यांचा तो वेळ केवळ ११ टक्के होता व त्यांचा भर संवादावर आणि माणसांच्या जोपासनेवर होता. बढती कोणत्या भूमिकेला मिळते व काम कोणत्या भूमिकेने होते, यांतील ही तफावत व्यवस्थापन शिक्षणसंस्थांत पुरेशी चर्चिली जात नाही. स्वतः मिंट्झबर्ग यांनी २००९ मधील ग्रंथात २९ व्यवस्थापकांचा प्रत्येकी एक दिवस पाहून आपली जुनी यादी बाजूला ठेवली आणि माहिती, माणसे व कृती अशा तीन पातळ्यांवर चालणारे काम म्हणून व्यवस्थापनाची फेरमांडणी केली. पाठ्यपुस्तकांत अजून दहाची यादीच चालू आहे.

संगणकीय संदेशवहनामुळे वेचक व प्रसारक या भूमिकांचे यंत्रीकरण झाले. ताजी माहिती एका माणसाच्या डोक्यापुरती राहिलेली नाही. २०१० नंतर वाढलेल्या भाड्याच्या मोटारी व घरपोच वितरण यांच्या सेवांत कामाचे वाटप, दर ठरविणे आणि कामावरून दूर करणे हे साधनवाटपकर्त्याचे निर्णय संगणकप्रणालीकडे गेले. तेथील कामगाराला मुकादम नसतो. त्यामुळे दस्तुरी द्यावी लागत नाही, पण गाऱ्हाणे सांगण्यास समोर माणूसही नसतो. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा कामगारांसंबंधी काढलेल्या निदेशात स्वयंचलित निर्णयांवर मानवी देखरेख आवश्यक केली असून कामगाराचे खाते बंद करण्यासारखे निर्णय माणसानेच घेतले पाहिजेत, अशी तरतूद केली आहे.